साध्या मजकुरातलं नियोजन: ऑर्ग-मोड कुठे अडतो आणि कसा वळवावा

खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी एक जोड लिहायला घेतली. टिपणं आणि करायची कामं एकाच साध्या फाइलीत नांदावीत आणि ती फाइल कुठल्याही संपादकात उघडता यावी, ही अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या या संशोधकाची मूळ गरज. ती जोड म्हणजे ऑर्ग-मोड. २००७ साली आलेल्या ईमॅक्स २२ पासून ती ईमॅक्सबरोबरच मिळते. पुढे बास्तियाँ गेरी आणि त्यांच्यानंतर इहोर रादचेन्को यांनी तिची देखभाल सांभाळली. तिचा एक्स्पोर्टचा भाग निकोला गोआझिऊ यांनी नव्याने बांधला आणि तो २०१३ साली आवृत्ती ८ मध्ये आला. आजचा ऑर्ग त्याच पायावर उभा आहे.

ऑर्गमध्ये ओळीच्या सुरुवातीला तारांकन दिलं की मथळा होतो. मथळ्यात टूडू हा शब्द घातला की ते काम होतं. खाली तारीख दिली की अजेंडा नावाच्या पडद्यावर ते काम त्या दिवसाखाली दिसतं. तीच फाइल एका कमांडने वेबपान, पीडीएफ किंवा लिबरऑफिसचा दस्तऐवज होऊन बाहेर पडते. अजेंडा आणि एक्स्पोर्ट या दोन सोयींसाठी लोक ऑर्गकडे येतात, आणि अडतातही याच दोन ठिकाणी.

अडचण तीनपैकी एका थरात असते. फाइलीत जे लिहिलं आहे ते ऑर्गला अपेक्षित रूपात नाही, हा पहिला थर. ईमॅक्सच्या आत जे लोड झालं आहे ते आपल्याला वाटतं ते नाही, हा दुसरा. तिसरा थर लाटेक किंवा लिबरऑफिससारख्या बाहेरच्या प्रोग्रॅमचा. बहुतेक जण शोध दुसऱ्या थरापासून सुरू करतात, म्हणजे इनिट फाइल, ईमॅक्स सुरू होताना वाचतो ती सेटिंगांची फाइल, उलटीपालटी करतात. माझं मत असं, की आधी पहिला थर तपासावा. तिथे तपासणी सगळ्यांत स्वस्त पडते आणि दोष बहुधा तिथेच सापडतो.

अजेंडा रिकामा दिसतो, ही सर्वांत जुनी तक्रार. ऑर्ग-अजेंडा-फाइल्स या व्हेरिएबलमध्ये ज्या फाइली असतात, त्याच अजेंडा वाचतो. समोर उघडी असलेली फाइल त्यात आपोआप येत नाही. यादीत फोल्डरचं नाव दिलं तर त्यातल्या ऑर्ग फाइली येतात, पण पोटफोल्डरांतल्या येत नाहीत. वर्षागणिक किंवा प्रकल्पागणिक पोटफोल्डर करणाऱ्यांची निम्मी कामं इथेच हरवतात. त्यांनी डिरेक्टरी-फाइल्स-रिकर्सिव्हली हे फंक्शन वापरून यादी बनवावी. फाइल मोबाइलबरोबर सिंक होत असेल तर उलटाच प्रश्न येतो. सिंकथिंग या सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमला दोन बदलांचा मेळ घालता आला नाही की तो नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट असलेली दुसरी प्रत ठेवतो. तिचा शेवटही ऑर्गच्या प्रत्ययानेच होतो, म्हणून अजेंडा तीही वाचतो आणि प्रत्येक काम दोनदा दिसू लागतं.

फाइल यादीत आहे, तरी काम दिसत नाही? मग तारीख पाहावी. कोनी कंसातली तारीख सक्रिय असते, चौकोनी कंसातली निष्क्रिय. निष्क्रिय तारीख नोंदीसाठी असते आणि अजेंड्यात येत नाही. शेड्यूल्ड आणि डेडलाइन हे दोन शब्द मथळ्याच्या लगेच खालच्या ओळीतच हवेत. मध्ये एक रिकामी ओळ आली, किंवा प्रॉपर्टींचा ड्रॉवर आधी आणि तारीख नंतर असा क्रम झाला, तर ऑर्ग त्या ओळीला नियोजनाची ओळ मानत नाही. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं, म्हणून यात तास जातात. अशा वेळी ऑर्ग-लिंट ही कमांड चालवावी. जागा चुकलेली नियोजनाची ओळ, तुटलेल्या लिंक, चुकीचे ड्रॉवर असं सगळं ती ओळक्रमांकासह दाखवते. ऑर्गमधली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सोय कुठली असं विचारलं, तर मी ऑर्ग-लिंटचंच नाव घेईन.

शेड्यूल्डचा अर्थ नीट लावणं हे कुठल्याही सेटिंगपेक्षा महत्त्वाचं आहे. ऑर्गमध्ये शेड्यूल्ड म्हणजे ‘या दिवसापासून हे काम हाती घेईन’. त्यामुळे काम पुरं होईपर्यंत ते रोज अजेंड्यात येत राहतं आणि किती दिवस उलटले तेही दाखवतं. डेडलाइन आपल्या तारखेच्या १४ दिवस आधीपासून इशारा देऊ लागते. तो अवधी बदलता येतो, किंवा एकेका तारखेपुरताही ठरवता येतो. ठरलेली भेट, डॉक्टरांची वेळ, लग्नाचं आमंत्रण यांना यांपैकी काहीही नको, नुसती कोनी कंसातली तारीख पुरे. भेटींनाही शेड्यूल्ड लावणाऱ्यांचा अजेंडा महिन्याभरात शिळ्या नोंदींनी भरतो. मग ते रंग बदलतात, गट पाडतात, नवी पॅकेजं बसवतात, आणि नोंदी शिळ्याच राहतात.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांचंही तसंच. एक अधिक चिन्ह दिलं तर पुढची तारीख मूळ तारखेपासून मोजली जाते, आणि घरभाड्यासाठी हेच योग्य, कारण चुकलेला महिना चुकलेलाच दिसायला हवा. दोन अधिक चिन्हं दिली तर तारीख भविष्यात येईपर्यंत पुढे सरकते आणि वार तोच राहतो. दर शनिवारी आईला फोन करायचा असेल तर हे वापरावं. टिंब आणि अधिक दिलं तर काम पुरं केल्या दिवसापासून मोजणी होते. पाण्याचा फिल्टर साफ करण्यासारख्या कामाला ते जुळतं. हा फरक ठाऊक नसला की ‘ऑर्ग तारीख चुकवतो’ असं वाटू लागतं.

मराठीत फाइल ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑर्ग तारीख फक्त इंग्रजी अंकांतच ओळखतो. मराठी टंकलेखनाची पद्धत चालू असताना देवनागरी अंक पडले, तर ती तारीख त्याच्या लेखी साधा मजकूर. म्हणून तारीख हाताने टंकू नये, ऑर्गच्या कॅलेंडरमधून घालावी. वाराचं नाव मात्र मराठीत चालतं, कारण ऑर्ग ते फक्त वाचकासाठी ठेवतो आणि हिशेब तारखेवरच करतो. ते इंग्रजीतच हवं असेल तर सिस्टिम-टाइम-लोकेल या व्हेरिएबलला ‘सी’ ही किंमत द्यावी. टॅग देवनागरीत नीट चालतात, काना-मात्रा-वेलांट्यांसकट. टॅगमध्ये जागा किंवा हायफन मात्र चालत नाही, अंडरस्कोर वापरावा. आणखी एक. ऑर्गच्या तारखेत टाइम झोन नसतो. न्यू जर्सीतून पुण्याच्या माणसांशी वेळ ठरवणाऱ्याने आपल्या घड्याळाची वेळ तारखेत लिहावी आणि पुण्याची वेळ मथळ्यात शब्दांनी.

अजेंडा हळू चालतो ही तक्रार काही वर्षं वापर झाल्यावर येते. प्रत्येक फाइल उघडून, वाचून यादी बनते, तेव्हा पुरी झालेली कामं आर्काइव्ह फाइलीत हलवणं हा पहिला उपाय. अडलेली कामं फिकी दाखवण्याची सोय बंद करणं आणि टॅगांचा वारसा अजेंड्यापुरता थांबवणं हे पुढचे. ऑर्गच्या हस्तपुस्तिकेत यासाठी वेगळा विभागच आहे.

आता दुसरा थर. इथे एकच दोष इतका सामान्य आहे की बाकी सगळे त्याच्यापुढे लहान. ईमॅक्सबरोबर एक ऑर्ग आलेला असतो आणि पॅकेजमधून आपण नवा बसवतो. इनिट फाइलीतल्या एखाद्या ओळीने जुन्याचा थोडा भाग आधीच लोड केलेला असेल, तर निम्मा जुना आणि निम्मा नवा असा मिश्र ऑर्ग चालू होतो. मग अजेंडा उघडताना अनाकलनीय त्रुटी येतात, किंवा एक्स्पोर्ट मध्येच थांबतो. ऑर्ग-व्हर्जन ही कमांड असं मिश्रण दिसलं तर ते उत्तरात सांगते. आवृत्ती ९.६ पासून तर ऑर्ग स्वतःच आवृत्ती जुळत नसल्याची तक्रार करतो. उपाय असा: बसवलेलं पॅकेज काढावं, ईमॅक्स पूर्ण बंद करावा, आणि इनिट फाइल न वाचता सुरू केलेल्या ईमॅक्समधून ते पुन्हा बसवावं. नव्या सोयींची गरज नसेल तर ईमॅक्सबरोबर आलेल्या ऑर्गवरच राहावं, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो.

दोष आपल्या सेटिंगमध्ये आहे की ऑर्गमध्येच, हे कळायलाही हाच मार्ग आहे. ‘-क्यू’ हा पर्याय देऊन ईमॅक्स सुरू करावा आणि पाच ओळींची फाइल बनवून तीच कृती करावी. अडचण तिथे आली नाही, तर ती आपल्या इनिट फाइलीत आहे. मग निम्म्या ओळी बंद करून पाहावं, उरलेल्यांतल्या पुन्हा निम्म्या, असं करत दोषापर्यंत पोचता येतं. फाइलीच्या माथ्यावरच्या सेटिंगच्या ओळी बदलल्या असतील, तर त्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबावं लागतं. त्याशिवाय ऑर्ग जुनीच सेटिंगं धरून बसतो.

अजेंडा आपल्या पद्धतीचा करण्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थोडक्यात. ऑर्ग-अजेंडा-कस्टम-कमांड्समध्ये एका कळीवर अनेक यादी-खंड एकत्र मांडता येतात. आजचा दिवस, खाली दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी थांबलेली कामं, त्याखाली तारीख नसलेली, अशी रचना बहुतेकांना पुरते. ॲडम पोर्टर यांचं ऑर्ग-सुपर-अजेंडा हे पॅकेज त्यापुढे जाऊन टॅग, तारीख, प्राधान्य यांनुसार गट पाडतं. आधी महिनाभर मूळ अजेंडा वापरून पाहावा आणि खरोखर खुपतं तेवढंच बदलावं.

एक्स्पोर्टकडे वळलं की प्रश्नांचं रूप बदलतं. इथे काम अडण्यापेक्षा ‘आलं ते हवं तसं नाही’ हे जास्त. फाइलच्या किंवा व्हेरिएबलच्या नावातला अंडरस्कोर पुढच्या अक्षराला खाली ढकलतो, कारण ऑर्ग त्याला पादाक्षर समजतो. ऑप्शन्स ओळीत ^:{} लिहिलं की महिरपी कंसात दिलेलंच पादाक्षर होतं. चौथ्या पातळीचा मथळा अचानक यादीतला मुद्दा होऊन येतो, कारण मूळ सेटिंगमध्ये तीनच पातळ्या मथळे म्हणून धरल्या जातात. त्याच ओळीत मोठ्या एचला हवा तो आकडा द्यावा. तुटलेल्या लिंकवर एक्स्पोर्ट थांबतो. तो थांबणं माझ्या मते योग्यच, पण घाईच्या वेळी ब्रोकन-लिंक्स:मार्क लिहिलं की लिंकच्या जागी खूण ठेवून काम पुढे जातं. मार्कडाउन मेन्यूत दिसत नाही असं पुष्कळ जण विचारतात. मूळ यादीत अ‍ॅस्की, एचटीएमएल, आयकॅलेंडर, लाटेक आणि ओडीटी एवढेच असतात, मार्कडाउनचा भाग आपण लोड करायचा.

मराठी लेखकाला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न ठळक अक्षरांचा आहे. ऑर्गमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन दिलं की तो ठळक होतो, पण बंद करणाऱ्या तारांकनानंतर रिकामी जागा किंवा विरामचिन्ह हवं, ही अट आहे. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटून येतो. *पुणे* ठळक होतं, *पुण्या*ला होत नाही, आणि तारांकनं तशीच्या तशी छापली जातात. प्रत्ययासकट सगळा शब्द ठळक करावा. ते नको असेल तर तारांकन आणि प्रत्यय यांच्यामध्ये शून्य रुंदीची रिकामी जागा घालावी. युनिकोडमधलं ते यू+२००बी हे चिन्ह, आणि ऑर्गची हस्तपुस्तिका स्वतःच असा उपाय सुचवते. वारंवार लागतं म्हणून त्याला एक कळ बांधून ठेवावी. तिरप्या अक्षरांना आणि कोडच्या खुणांनाही हाच नियम आहे. लिंकला मात्र नाही, तिच्या कंसाला प्रत्यय खुशाल चिकटवता येतो.

पीडीएफ हा एक्स्पोर्टचा सर्वांत अवघड रस्ता, कारण तो तिसऱ्या थरातून जातो. ऑर्ग फक्त लाटेकची फाइल लिहितो, पीडीएफ बनवतो तो बाहेरचा प्रोग्रॅम. मूळ सेटिंगमध्ये तो पीडीएफलाटेक असतो आणि देवनागरी अक्षर भेटलं की हे चिन्ह आपल्याकडे बसवलेलं नाही अशी त्रुटी देतो. फाइलीच्या माथ्यावर लाटेक-कंपायलर म्हणून झीलाटेक किंवा लुआलाटेक लिहावं, आणि लाटेक-हेडरच्या ओळीत फॉन्टस्पेक पॅकेज घेऊन फॉन्ट सांगावा. फॉन्टचं नाव देताना लिपी देवनागरी असल्याचंही सांगावं लागतं. ते राहिलं तर जोडाक्षरं फुटू शकतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर काही फॉन्टांना भाषाही मराठी म्हणून सांगावी लागते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता हा फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे. त्यात रोमन अक्षरंही असल्याने तांत्रिक लेखनातल्या मिश्र मजकुराला तो सोयीचा पडतो.

इतकं करूनही कोडच्या चौकटीतली मराठी टिप्पणी गायब होऊ शकते. चौकटीला वेगळा, सम-रुंदीचा फॉन्ट लागतो आणि त्यात देवनागरी नसेल तर झीलाटेक दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर आणत नाही. जागा रिकामी सोडून पुढे जातो आणि अक्षर सापडलं नसल्याची नोंद फक्त लॉगमध्ये करतो. तो लॉग ऑर्ग काम झाल्यावर पुसून टाकतो. म्हणून पीडीएफ बिघडलं की आधी ऑर्ग-लाटेक-रिमूव्ह-लॉगफाइल्स बंद करावं आणि लाटेकच्या संदेशांचा बफर उघडून पहिली त्रुटी वाचावी. नंतरच्या त्रुटी बहुतेक वेळा पहिलीच्याच पोटी आलेल्या असतात. ऑर्गने बनवलेली लाटेक फाइल टर्मिनलवरून थेट चालवून पाहिली की दोष ऑर्गचा की लाटेकचा याचा निकाल लगेच लागतो.

ओडीटी, म्हणजे लिबरऑफिसचा दस्तऐवज, हा मराठी कार्यालयांसाठी त्याहून सोपा मार्ग. देवनागरी जुळवण्याचं काम लिबरऑफिस करतो, आणि वर्डची फाइल हवी असेल तर ऑर्ग त्याच्याकडूनच रूपांतर करून घेतो. झिप हा प्रोग्रॅम मशिनवर नसेल तर ओडीटी बनतच नाही. विंडोजवर हे पुष्कळदा घडतं. फॉन्ट, समास आणि मथळ्यांची शैली एका नमुना दस्तऐवजात ठरवून तो शैलीची फाइल म्हणून द्यावा. पत्रं आणि अहवाल लिहिणाऱ्याला मी पीडीएफच्या आधी हाच मार्ग सुचवेन.

सेटिंग कुठे ठेवावं, यालाही महत्त्व आहे. एका फाइलीचं सेटिंग त्या फाइलीच्या माथ्यावर, एका प्रकल्पाचं सेटअपफाइलमध्ये, आणि सर्वत्र लागू होणारं तेवढंच इनिटमध्ये. सगळं इनिटमध्ये ठेवलं तर फाइल दुसऱ्याला देताच तिचं रूप बदलतं. साध्या मजकुराचा अर्धा फायदा त्यात जातो.

यापुढे जायचं असेल तर एक्स्पोर्टचे फिल्टर आहेत. तयार होणाऱ्या मजकुराचा प्रत्येक तुकडा आपल्या फंक्शनमधून नेता येतो. मराठीसाठी याचा मोठा उपयोग अंकांचा. फाइलीत अंक इंग्रजी ठेवायचे आणि साध्या मजकुराच्या फिल्टरमधून छापताना देवनागरी करायचे. हा फिल्टर कोडच्या चौकटींना हात लावत नाही, म्हणून प्रोग्रॅम बिघडत नाहीत. एचटीएमएल बनवताना मात्र काळजी हवी. मजकूर फिल्टरपर्यंत पोचतो तोवर ऑर्गने डॅशसारख्या चिन्हांचे अंकी संकेत केलेले असतात. त्यांतले अंकही बदलले तर पानावर डॅशऐवजी कचरा दिसतो, तेव्हा ते संकेत वगळूनच बदल करावा. तारखांसाठी वेगळा फिल्टर आहे, आणि मथळ्यांचे क्रमांक कुठल्याच मजकूर-फिल्टरमधून जात नाहीत, हेही लक्षात असू द्यावं. फिल्टरने भागत नसेल तर असलेल्या बॅकएंडपासून, म्हणजे एखाद्या रूपात एक्स्पोर्ट करणाऱ्या भागापासून, आपला बॅकएंड काढता येतो. त्यात हवा तेवढाच भाग पुन्हा लिहायचा, बाकी सगळं मूळचं राहतं. गोआझिऊ यांच्या रचनेचं खरं सामर्थ्य इथे दिसतं.

सुरक्षेबद्दल निःसंदिग्ध सांगायला हवं. ऑर्ग फाइलीत चालवता येणारा कोड असू शकतो आणि एक्स्पोर्ट करताना तो चालतो, आधी विचारून. ते विचारणं कंटाळवाणं म्हणून बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. २०२४ साली ऑर्गमधल्या दोन वाटा बुजवाव्या लागल्या, ज्यांतून परकी फाइल उघडतानाच न विचारता कोड चालू शकत होता. त्यांच्या दुरुस्त्या मार्चमध्ये ईमॅक्स २९.३ बरोबर आणि जूनमध्ये २९.४ बरोबर आल्या. त्याहून जुना ईमॅक्स वापरत असाल तर इतर कुठल्याही सेटिंगच्या आधी तो बदला.

राहता राहिलं मराठीपुरतं एक काम. फाइलीची भाषा मराठी सांगितली की एचटीएमएलमध्ये तशी नोंद होते आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमना तिचा उपयोग होतो. पण ‘अनुक्रमणिका’, ‘तळटीपा’, ‘आकृती’, ‘तक्ता’ हे शब्द ऑर्ग-एक्स्पोर्ट-डिक्शनरीत आपल्यालाच भरावे लागतात. काम मोजक्या ओळींचं आहे. पंधरा ओळींहून लहान बदल ऑर्ग प्रकल्प स्वामित्वहक्काच्या कागदपत्रांशिवाय स्वीकारतो. ऑर्ग वापरणाऱ्या मराठी वाचकांनी हे शब्द आपल्या इनिट फाइलीत ठेवून थांबू नये, प्रकल्पाकडे पाठवावेत.